गिधाडकड्याची भाकरी

करंजवडीच्या पश्चिमेला जो काळा उभा कडा आहे, त्याला गिधाडकडा म्हणतात. गेली पंचवीस-तीस वर्षं तिथं गिधाड औषधालाही नव्हतं, पण नाव काही कुणी बदललं नाही. गावांची ही खोडच असते. वड वठून गेला तरी एस.टी. वडाच्या थांब्यालाच थांबते. म्हणून एका हिवाळ्यात रूपाली कांबळेला त्या कड्याच्या पोटात, एका खोबणीत, खरोखरची गिधाडाची जोडी बसलेली दिसली, तेव्हा तिनं दुर्बिणीची काच पुन्हा पुन्हा पुसून पाहिली.

रूपाली गावचीच. बौद्धवाडीतल्या भाऊसो कांबळेची एकुलती लेक. आई ती कॉलेजात असतानाच गेली. बाप एस.टी.त कंडक्टर होता, आता निवृत्त होऊन विहाराची देखभाल बघायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे आजी, बायडाबाई. ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू आणि जिभेला धार. रूपालीनं कोल्हापुरात राहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि मलकापुरात वनखात्याच्या एका योजनेवर कंत्राटी नोकरी धरली. पदाचं नाव हातभर, पगार बोटभर. पण पोरीला पाखरांचं वेड होतं, आणि वेड लागलेल्या माणसाला पगार विचारू नये. ती रोज गावातूनच ये-जा करायची.

संकटात सापडलेल्या प्राण्यापक्ष्यांसाठी आणि त्यांच्या अधिवासासाठी सरकार अनुदान देतं. देतं म्हणजे, मागणाऱ्यानं चपला झिजवल्या तर देतं. रूपालीनं झिजवल्या. मलकापूर, कोल्हापूर, पुन्हा मलकापूर. गिधाडं का मेली हे तिनं प्रत्येक टेबलासमोर उभं राहून नव्यानं सांगितलं. दुखणाईत जनावराला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टोचतात. ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आहे, तरी माणसांच्या नावानं आणून टोचणारे टोचतातच. त्यात आता मेलेलं जनावर कुणी उघड्यावर टाकत नाही, जेसीबी बोलावून पुरतात. म्हणजे जे उघड्यावर मिळतं त्यात विष, आणि जे निर्मळ आहे ते मातीखाली. तेव्हा कड्याखालच्या माळावर कुंपण घालून एक जागा करायची, इंजेक्शन न टोचलेलं मेलेलं जनावर तपासून तिथं नेऊन टाकायचं आणि पाखरांना पोटभर खाऊ द्यायचं. योजना एवढी सरळ होती, की ती मंजूर झाल्याचं रूपालीला स्वतःलाच नवल वाटलं.

मग अनुदान आलं, आणि सरकारी पद्धतीनं आलं. आधी फलक आला. त्यावर गिधाडाचं चित्र लहान आणि नावं मोठी. मग कुंपण आलं. मग सिमेंटचा ओटा झाला, जो गिधाडांना नको होता, पण ठेकेदाराला हवा होता. जनावर ओढून न्यायला ट्रॅक्टरचं भाडं मंजूर झालं, दोन मदतनिसांचा पगार मंजूर झाला. कुंपणाच्या कामाला गावातल्या पोरांची झुंबड उडाली. मदतनिसाच्या जागेला मात्र एकही आला नाही. मांडव सजला, वाजंत्री बसली आणि नवरीचाच पत्ता नाही, अशी गत झाली.

त्यात पुढच्या हिवाळ्यात, जानेवारीत, खोबणीत पिल्लू दिसलं. एकच. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि पिल्लू उडायला लागेपर्यंत उन्हाळा अर्धा सरतो. पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखं ते पिल्लू रूपाली रोज सकाळी माळावर उभी राहून बघायची. आईबाप फार लांब लांब जायचे आणि पुष्कळदा रिकामेच परत यायचे. फेब्रुवारीच्या शेवटाला पिल्लाची मान सैल पडायला लागली. इतक्या वर्षांनी त्या कड्यावर जन्मलेला तो एकच जीव होता आणि तो जगावा, यापलीकडे तिला त्या दिवसांत काही सुचत नव्हतं.

ती सरपंचाकडे गेली. सरपंच विजयसिंह पाटील, गोरा, हसतमुख, पांढऱ्या शर्टातला माणूस. त्यानं चहा मागवला. बाकीच्यांना कपबशी आली, रूपालीला कागदी कप आला. हल्ली त्याला स्वच्छता म्हणतात. मदतनीस मिळेनात, असं तिनं सांगितलं, तर तो म्हणाला, त्यात अवघड काय आहे?

“हे बघा म्याडम, गावातलं पोरगं त्याला हात लावायचं न्हाय. तुमच्या वाडीतली दोन पोरं लावा की. पगार सरकारचा हाय, जबरदस्ती कुणाची न्हाय. आनि खरं सांगू का, तुमच्या लोकांनी वढायचं सोडलं, तवाच गिधाडं उपाशी मेली बघा.”

बसलेले सगळे हसले. रूपालीनं पुन्हा एकदा त्या इंजेक्शनचं सांगितलं. विजयसिंहानं, व्हय, व्हय, ते तर हायच, अशी मान डोलावली आणि चहा संपवला. 

घरी तिनं हे बापाला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. भाऊसो मुळात कमी बोलणारा. जन्मभर एस.टी.त लोकांशी हुज्जत घातल्यामुळे असेल, घरात त्याचा आवाज चढत नसे. तो एवढंच म्हणाला, “झाडं लावायचं सांग, पाणी घालायचं सांग, पाखरांची राखण करायचं सांग. वाडीतली सगळी पोरं आणतो. पर ते तेवढं सांगू नगंस.” आणि उठून विहारात गेला.

हे 'ते' म्हणजे काय, हे रूपालीला लहानपणापासून पाठ होतं. आजी नवी नवरी होऊन करंजवडीत आली, त्याच वर्षी लोकांनी धर्म बदलला आणि वाडीतल्या बाप्यांनी ठरवलं की गावातलं मेलेलं जनावर आता ओढायचं नाही. गावानं वाडीला वाळीत टाकलं. गिरणी बंद, पाणवठा बंद, शेतावरचं काम बंद. अशात पाटलाचा बैल मेला. तो वेशीत तसाच टाकून गाव वाट बघत बसलं, की आज नाही तर उद्या ही माणसं वाकतील. माणसं वाकली नाहीत. वास सुटला. आणि मग एका सकाळी कड्यावरून गिधाडं उतरली, वेशीत बसली आणि दिवस मावळायच्या आत त्यांनी बैलाचा नुसता सापळा ठेवला. भांडण मिटलं असं नाही, पण गावाचा हट्ट मोडला.

“पाखरांनी आमची मान सोडवली,” असं आजी म्हणायची. त्यामुळे त्या बोडक्या मानेच्या, कुरूप पक्ष्यावर तिचा भारी जीव. कड्यावर जोडी आल्याचं कळलं तेव्हा तिनं घरात गोड केलं होतं. रोज संध्याकाळी रूपाली आली की चहाच्या आधी विचारायची, पिल्लू कसं हाय? वेशीतली ही गोष्ट ती कितीदाही सांगे. पण त्याच्या आधी काय होतं, जनावर ओढून आल्यावर बाप्यांना काय मिळायचं, त्याबद्दल मात्र अवाक्षर काढत नसे. लढाई सांगताना माणसाचा ऊर भरून येतो, भूक सांगताना मान खाली जाते. रूपालीनंही कधी विचारलं नव्हतं.

मार्च लागला. मलकापूरच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं की महिनाअखेरीपर्यंत एकही जनावर कुंपणात गेलं नाही, तर उरलेला निधी परत जाईल आणि पुढच्या वर्षी योजनेला कुणी विचारणार नाही. साहेब वाईट नव्हते. त्यांनाही वरून तेच सांगितलं होतं.

आणि एका सकाळी बाळासोचा फोन आला. बाळासो म्हणजे गावठाणातला मध्यम शेतकरी, चार म्हशी, एक ट्रॅक्टर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. “म्याडम, म्हस गेली. व्याताना अडली हुती. सुई कसलीच टोचली न्हाय. नेता का तुमच्या पाखरांस्नी?” रूपाली धावत गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन बघितलं आणि म्हैस निर्मळ असल्याचं सांगितलं. बाळासोनं ट्रॅक्टर काढला, चऱ्हाट आणलं, सगळं तयार झालं. आणि मग सगळं थांबलं.

चऱ्हाट बांधायचं कुणी?

ट्रॅक्टर हाकायला बाळासोची ना नव्हती. ट्रॅक्टर म्हणजे यंत्र, त्याला काही लागत नाही. पण मेलेल्या जनावराच्या पायाला गाठ मारायची म्हटल्यावर तो ट्रॅक्टरवरून खाली उतरेना. आजूबाजूची माणसं नाकाला रुमाल लावून लांब उभी राहिली. कुणी म्हणालं, म्याडम, तुमच्या वडलांना फोन करा की. रूपालीनं केला नाही. ती अर्धं गाव हिंडून आली, ज्या पोरांनी कुंपणाचे खांब रोवले होते त्यांच्या हातापाया पडली. एकानं पाठीचं दुखणं सांगितलं, दुसऱ्यानं घरातल्या देवकार्याचं. ऊन चढलं, माश्या जमल्या. दुपार टळल्यावर बाळासो चुळबुळत म्हणाला की आता वाट बघण्यात अर्थ नाही, जेसीबीवाल्याला सांगतो, पुरून टाकू.

रूपालीनं कड्याकडं बघितलं. एवढ्या लांबून खोबण दिसत नव्हती, पण तिला ती सैल पडलेली मान दिसत होती. तिला बापाचा चेहराही दिसत होता. हे आपण करतोय ते पाखरासाठी, सरकारी कामाचा भाग म्हणून, आपल्या राजीखुशीनं. त्यात ते जुनं काही नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. तिनं ओढणी कमरेला खोचली, खाली बसली आणि म्हशीचे मागचे पाय जुळवून गाठ मारली. पहिली गाठ निसटली. दुसरी बसली.

ट्रॅक्टर गावातून निघाला. म्हशीचं डोकं दगडाला अडू नये म्हणून शिंगाला दुसरी दोरी बांधून रूपाली मागून चालत होती. दारादारांत बायका उभ्या राहिल्या. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघून समाधानानं मान हलवली. रूपालीला वाटलं, चला, एका तरी माणसाला योजना पटली.

म्हैस कुंपणात पोचली. रूपालीनं फोटो काढून वर पाठवले आणि चऱ्हाट द्यायला बाळासोच्या घरी आली. बाळासोची आई तानाबाई अंगणात उभी होती. तिनं तांब्या उंच धरून रूपालीच्या ओंजळीत पाणी घातलं. मग आतून फडक्यात बांधून नाचणीची भाकरी आणली, वर हिरव्यागार मिरचीचा खर्डा, आणि ते अंगणाच्या बुटक्या दगडी कुंपणावर, गडग्यावर ठेवलं. “खा लेकरा. सकाळपासनं उपाशी हाईस. रिकाम्या हातानं जाऊ न्हाई,” ती मायेनं म्हणाली. रूपालीच्या पोटात खरोखरच कावळे ओरडत होते. एवढ्या सगळ्या नाकाला लावलेल्या रुमालांनंतर कुणीतरी जेवलीस का म्हणून विचारलं, यानं तिला भरून आलं. फणसाखाली बसून तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्धी फडक्यात बांधून घरी नेली.

आजी उंबऱ्यात बसली होती. गावात काय झालं ते तिच्या कानावर आधीच आलं होतं, पण त्यावर ती काही बोलली नाही. तिनं हात पुढं करून फडकं चाचपलं.

“कुणी दिली?”

“तानाबाईनं.”

“हातात दिली, का गडग्यावर ठेवली?”

“गडग्यावर.”

“खाल्लीस?”

“अर्धी.”

आजीनं फडकं मांडीवर घेतलं. मग जे तिनं आयुष्यभर सांगितलं नव्हतं ते सांगितलं. जनावर ओढून, हात धुऊन बाप्ये मालकाच्या अंगणात जायचे आणि गडग्यावर भाकरी ठेवलेली असायची. आजीचा सासरा ती उपरण्यात बांधून आणायचा आणि घरात सगळे तिची वाट बघत बसायचे. आजीनंही खाल्ली होती, लग्नानंतरचे पहिले काही महिने, आणि गोड लागली होती. ते गोड लागणंच तिला पुढं जन्मभर छळत राहिलं.

“ती भाकरी न्हवं पोरी, बोली हाय ती,” आजी म्हणाली. “खाल्ली की पुढचं जनावर आपलं. मी तुला सांगाय पायजे हुतं. लाजंपायी न्हाय सांगितलं.”

भाऊसो आत बसून सगळं ऐकत होता. तो रूपालीला एक शब्दही बोलला नाही. त्या दिवशी तो जेवलाही नाही. बोलला असता, रागावला असता, तर तिला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गिधाडं माळावर उतरली. रूपाली लांब करवंदीच्या जाळीमागं पालथी पडून बघत होती. ती एवढी मोठी पाखरं, पंख अर्धे उघडून उड्या मारत म्हशीपाशी गेली आणि गळ्याची पिशवी फुगेपर्यंत जेवली. मग जड होऊन उडाली, खोबणीत गेली आणि पिल्लाच्या चोचीत चोच घातली. पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. पिल्लाची मान ताठ झाली, अंगावर काळी पिसं फुटली. रूपालीला आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आनंद झाला, पण घरी नेऊन कुणाला दाखवावा असा तो नव्हता. आजी पिल्लाचं रोज विचारायची, पण त्याआधी चहा घ्यायची.

मार्चअखेरीला साहेब आले, फलकाला हार घातला गेला, विजयसिंहाचं भाषण झालं. पेपरात फोटो आला. त्यात सरपंच, साहेब, ठेकेदार, कुंपण आणि फलक असे सगळे होते. लोकसहभागातून गिधाडांना जीवदान मिळाल्याचं खाली छापलं होतं. लोकांतल्या कुणी कशात सहभाग घेतला, ते काही छापलं नव्हतं.

एप्रिल उजाडला, जयंती तोंडावर आली. भाऊसो शिडीवर चढून विहाराच्या वळचणीला निळ्या पताका बांधत होता, रूपाली खाली उभी राहून दोरी देत होती, आजी पायरीवर बसली होती. अशात बाळासो आला. खांद्यावर चऱ्हाट होतं.

“रूपे,” तो म्हणाला. महिन्यामागं तो तिला म्याडम म्हणत होता. “बैल मेला गं. चल लवकर. तू न्हाय तर भाऊला धाड, कोनबी चालंल.”

रूपालीनं विचारलं, काय झालं होतं, सुई टोचली होती का? बाळासोनं सांगितलं की ताप होता, बरेच दिवस सुया चालल्या होत्या, कसल्या ते टोचणाऱ्याला ठाऊक. मग तो गिधाडांना चालणार नाही, असं रूपाली म्हणाली. ते खाऊन पाखरं मरतील.

“मग गिधाडाला नगं,” बाळासो म्हणाला. “वढ्यात टाका. जेसीबीला कशाला पैसं घालवायचं?”

भाऊसो शिडीवरून उतरला. त्यानं हात पुसले. “बाळासो, हे काम आमी सोडलंय. तुझा जन्मबी झाला नव्हता तवा सोडलंय.”

बाळासो खरोखर गोंधळला. त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं आणि तेच अवघड होतं. “सोडलंय कुठं? परवा पोरीनं वढलं की. आमच्या आईनं भाकरी दिली, ती तिनं खाल्ली. कुणी जबरदस्ती केलती का?” त्यानं तिघांकडंही आळीपाळीनं बघितलं आणि चऱ्हाट पायरीवर ठेवलं, आजीच्या पायाशी. “ऊन तापायच्या आत या,” म्हणून तो निघून गेला.

भाऊसो त्या चऱ्हाटाकडं बघत उभा राहिला. आपला बाप काही बोलत का नाही, असं रूपालीला झालं. मग तिच्या ध्यानात आलं की तो तिच्या बोलण्याची वाट बघतोय. गाठ तिनं मारली होती, आता ती सोडायची की नाही हेही तिच्यावरच होतं.

चऱ्हाट परत गेलं तर काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. गावात आता एकही जनावर मिळणार नाही. म्हैस खाऊन संपली होती. पिल्लू उडायला अजून महिना तरी हवा होता, आणि ते आता मोठं झालं होतं, म्हणजे भूकही मोठी झाली होती. आज बैल ओढून ओढ्यात टाकला, पाखरांना दिसू नये म्हणून वर दगडमाती लोटली, तर उद्याची निर्मळ म्हैस मिळेल. एवढंच करायचं होतं. मग पुढच्या वर्षी पुन्हा, आणि वाडीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीनं, पोरानं.

तिनं चऱ्हाट उचललं आणि विहाराच्या पायरीवरून खाली उतरली. “आजी, नाचणीचं पीठ हाय का?”

आजीला काय ते कळलं. “हाय,” ती म्हणाली. “भाकरी पुरी कर. अर्धी नगं.”

रूपालीनं चूल पेटवली, भाकरी थापली. आजीनं खर्डा ठेचला, तेच तानाबाईचं फडकं धुऊन ठेवलेलं होतं ते काढून दिलं. “मी येतो संगट,” म्हणाली आणि काठी घेऊन उठली. भाऊसोही निघत होता, त्याला आजीनं थांबवलं. पताका अर्ध्याच लागल्या होत्या, त्या पुऱ्या कर म्हणाली.

आजी कित्येक वर्षांनी गावठाणात जात होती. हळूहळू, थांबत थांबत दोघी पोचल्या. तानाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. बायडाबाईला बघून ती चकित झाली, मग तिला आनंदही झाला. दोघी एकाच साली सासरी आलेल्या. ये गं, बस, म्हणाली आणि पोतं अंथरलं. बायडाबाई बसली नाही.

“तानाबाई, तुझी भाकरी परत द्याया आल्तो,” ती म्हणाली. “पोरीला ठावं नव्हतं, तिनं खाल्ली. ही घे, आनि हे चऱ्हाट घे. फिटलं म्हन.”

तानाबाई हसली. “भाकरी कुनी परत करतंय व्हय? खुळी का काय तू?”

“घे तर खरं. हातात घे.”

रूपालीनं फडकं सोडून भाकरी पुढं धरली. भाकरी अजून ऊन होती. तानाबाईचा हात पुढं यायला निघाला आणि मध्येच थांबला. तो तिनं लुगड्याला पुसला. आतून भाजल्या सुकटाचा वास अंगणभर पसरला होता.

“आज उपास हाय गं माजा,” तानाबाई म्हणाली.

तानाबाईची नजर मिरच्यांवरून हलेना. ती वाईट बाई नव्हती, सकाळसंध्याकाळ कुत्र्यामांजराला घालून मग जेवणारी होती, आणि आपल्याला हे का जमत नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. गोठ्यातून बाळासो आला. त्यानं भाकरी बघितली, चऱ्हाट बघितलं आणि जरा वेळानं म्हणाला, “ठेवा गडग्यावर. म्हशीला घालतो.”

रूपालीचा हात तसाच पुढं होता. या भाकरीनं काही फिटणार नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. घ्यायला त्यांचा गडगा होता, द्यायला त्यांचा गडगा होता. हातांचा इथं संबंधच नव्हता. आजीनं तिच्या हातातून भाकरी घेतली आणि गडग्यावर ठेवली, नेमकी कुठं ठेवायची हे तिला बघावं लागलं नाही. रूपालीनं शेजारी चऱ्हाट ठेवलं.

“मग त्या पाखरांस्नीबी आता काय मिळायचं न्हाय बघ,” बाळासो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती होती. “मागनं म्हनू नगं, सांगितलं न्हाय.”

“न्हाय म्हणनार,” रूपाली म्हणाली.

परतताना आजीनं गावातून न जाता माळाची वाट धरली. फलक उन्हात चमकत होता, त्यावरचा हार वाळून दोऱ्यावर आला होता. कुंपणात म्हशीची हाडं पांढरी पडली होती. सिमेंटच्या ओट्यावर कुत्रं झोपलं होतं. आजी कुंपणाच्या खांबाला धरून थांबली. तिला दम लागला होता. तिनं कड्याच्या दिशेनं तोंड केलं. मोतीबिंदूमुळे तिला कडाही दिसत नसणार, नुसता काळा रंग दिसत असेल.

“दुर्बिनीतनं बघ की,” ती म्हणाली. “हाय का पिल्लू?”

रूपालीनं पिशवीतून दुर्बीण काढली. पिल्लू खोबणीच्या अगदी कडेला येऊन बसलं होतं. चोच उघडी होती, मान पुढं काढून ते आभाळात बघत होतं. आभाळ सगळीकडं रिकामं होतं. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, पार आंब्याच्या घाटाकडं बघितलं, कुठंही काही नव्हतं.

“हाय,” ती म्हणाली.

“आनि आई? आली का घास घेऊन?”

रूपालीनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. आजीला तिचा चेहरा दिसणार नव्हता, तरी काढली नाही.

“व्हय आजी. आलीया. भरवतीया.”

“बरं झालं,” आजी म्हणाली. “त्यांचं लई देनं हाय आपल्यावर.” आणि खांब सोडून, काठी टेकत, ती वाडीच्या वाटेला लागली.